शोभतं का हे या वयात? : टीव्हीवरचा विनोद आणि चाळिशीपुढची स्त्री



आजचा विषय फलकावर लागल्यापासून आम्हाला दोन तऱ्हेचे आक्षेप ऐकायला मिळाले. काही जण म्हणाले, तत्त्वज्ञानाच्या माणसानं टीव्हीच्या मालिकांवर कशाला बोलावं? दुसरे म्हणाले, सत्तरी उलटल्यावर बायकांच्या दिसण्यावर बोलणं तुम्हाला शोभतं का? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. संध्याकाळी सात ते दहा या वेळात पंढरपुरातल्या घराघरांत जे चालू असतं, त्यावर तत्त्वज्ञानानं बोलायचं नाही तर कशावर? दुसरा आक्षेप मात्र आम्ही जपून आणला आहे. त्यातलं 'शोभतं का' हे दोन शब्द आज आपल्याला बराच वेळ पुरणार आहेत. (हशा)

आधी एका शब्दाची गंमत पाहू. मराठीत चाळिशी म्हणजे वयाची चाळीस वर्षं, आणि चाळिशी म्हणजे जवळचं वाचायला लागणारा चष्मा. 'त्यांना चाळिशी लागली' असं म्हटलं की माणसाची नजर बदलली असा अर्थ होतो. म्हणजे बदल होतो तो बघणाऱ्याच्या डोळ्यात, असं भाषेनं आधीच सांगून ठेवलं आहे. पण विनोदी मालिकांमध्ये पाहा. तिथं पुरुष चाळिशीचा झाला की त्याला चष्मा लागतो. बाई चाळिशीची झाली की तिच्याकडे बघणाऱ्या सगळ्या घराचा चष्मा बदलतो.

एक नेहमीचा प्रसंग डोळ्यांसमोर आणा. घरातली पंचेचाळिशीची बाई आतल्या खोलीतून बाहेर येते. भडक साडी, ओठांना लाली, केसांत जरा जास्तच मोठा गजरा, डोळ्यांवर गॉगल. पार्श्वसंगीतात भोंगा वाजतो. सोफ्यावरचा नवरा दचकतो, त्याच्या हातातला चहा सांडतो. मुलगा म्हणतो, "आई, हे काय?" आणि आपण हसतो. हा प्रसंग कोणत्या मालिकेतला, असं विचारू नका. तो सगळ्यांतला आहे.

आता तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी विचारणार की आपण नेमकं कशाला हसलो? बाई कुरूप आहे म्हणून? मुळीच नाही. ती भूमिका करणारी अभिनेत्री बहुधा चांगली देखणी असते, वाहिनी तिला त्यासाठीच घेते. आपल्याला हसू येतं ते तिला चांगलं दिसावंसं वाटतं याचं. तिची इच्छा हा विनोदाचा विषय आहे. हे एकदा ध्यानात आलं की 'टीव्हीवर प्रौढ बायकांना सुंदर दाखवत नाहीत' ही नेहमीची तक्रार अपुरी वाटायला लागते. सुंदर दाखवतात हो. पण ते सौंदर्य आपोआप असावं, तिनं त्यासाठी काही करू नये, आणि मुख्य म्हणजे तिला त्याची जाणीव नसावी, अशी अट असते.

आता 'शोभतं का' याकडे येऊ. शोभणे या क्रियापदाचं नातं शोभेशी, म्हणजे सौंदर्याशी. साडी शोभून दिसते, दागिना शोभतो. आणि तेच क्रियापद आपण नीतीसाठीही वापरतो: असं वागणं तुला शोभत नाही. सुंदर काय आणि योग्य काय, या दोन प्रश्नांची गाठ आपण एकाच शब्दात मारून ठेवली आहे. त्यामुळे पन्नाशीच्या बाईला कुणी म्हणालं, 'हा रंग तुम्हाला शोभत नाही', तर तिला कळत नाही की मत साडीबद्दल दिलं की तिच्याबद्दल. बहुतेक वेळा बोलणाऱ्यालाही ते कळत नसतं. ती मुकाट्यानं राखाडी साडी काढते.

हीच गाठ आपल्या नाट्यशास्त्रातही सापडते. भरतमुनींनी हास्याचा जन्म शृंगारातून सांगितला आहे. शृंगाराची नक्कल केली की हास्य होतं. हास्य उत्पन्न करणाऱ्या गोष्टी मोजताना त्यांनी विपरीत वेष आणि विपरीत अलंकार यांचाही उल्लेख केला आहे. मघाची ती गजरा आणि गॉगलवाली बाई आठवा, म्हणजे मालिकेचे लेखक नकळत भरताचे शिष्य आहेत हे कळेल. पुढे हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये अभिनवगुप्तांनी या सूत्राचा विस्तार केला. हास्याच्या मुळाशी अनौचित्य असतं, असं ते सांगतात. जिथं शृंगार असायला नको तिथं तो दिसला की त्याचा आभास होतो, आणि आभासातून हसू. त्यांचं उदाहरण रावणाचं आहे. सीतेवरची रावणाची आसक्ती हा शृंगार नव्हे, शृंगाराचा आभास.

उदाहरण फार नेमकं निवडलेलं आहे, ते का, ते पुढे सांगतो. सध्या एवढंच लक्षात ठेवा की प्रत्येक विनोदामागे औचित्याची एक यादी असते: कुणी नटावं, कुणी नटू नये, कुणी लाजावं, कुणाचं लाजणं विचित्र. ही यादी कुणी लिहून ठेवलेली नसते. पण कोण कशाला हसतो हे पाहिलं की ती वाचता येते.

आमचं म्हणणं असं, की या यादीत वयाचा रकाना दिसतो खरा, पण तो वयाचा नाहीच. तो नात्याचा आहे. याला पुरावा द्यायला हवा, आणि तो एकाच अभिनेत्रीच्या कामात मिळतो. रीमा लागू.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर रीमाताई दोन विनोदी मालिकांत काम करत होत्या. एक 'श्रीमान श्रीमती'. त्यात त्या कोकिला कुलकर्णी. नवरा केशव, म्हणजे जतीन कनाकिया, शेजारच्या सिनेनटीवर भाळलेला. ती नटी अर्चना पुरणसिंग. आणि त्या नटीचा नवरा दिलरुबा, राकेश बेदी, तो मात्र आमच्या या साध्यासुध्या कोकिलेवर भाळलेला. ज्याला घरात अप्सरा मिळाली तो शेजारच्या स्वयंपाकघराकडे डोळे लावून बसलाय, हा त्यातला विनोद. म्हणजे रीमाताई तिथं कुणाच्या तरी ध्यासाचा विषय आहेत. त्याच सुमाराची दुसरी मालिका, सचिन पिळगावकरांनी दिग्दर्शित केलेली 'तू तू मैं मैं'. त्यात रीमाताई सासू आणि सुप्रिया पिळगावकर सून. सगळा खेळ सासू-सुनेच्या भांडणाचा. इथं रीमाताईंच्या दिसण्याचा, कुणाला त्या आवडण्याचा प्रश्नच येत नाही.

आता वयं पाहा. रीमाताईंचा जन्म १९५८ चा. म्हणजे या दोन्ही मालिका सुरू झाल्या तेव्हा त्यांनी चाळिशी गाठलेलीही नव्हती. चेहरा तोच, आवाज तोच, वर्षंही साधारण तीच. एका घरात त्यांच्यावर शेजारी जीव टाकतोय, दुसऱ्या घरात त्या प्रेमाच्या हिशेबातून बाद. बदललं काय? फक्त नातं. एकीकडे त्या बायको होत्या, दुसरीकडे सासू झाल्या. आणि सून झालेल्या सुप्रियाताई त्यांच्याहून अवघ्या नऊ वर्षांनी लहान.

सिनेमानं तर याहून कमाल केली. 'मैंने प्यार किया' १९८९ चा. त्यात सलमान खानची आई झालेल्या रीमाताई त्याच्याहून साताठ वर्षांनी मोठ्या. 'वास्तव' १९९९ चा. त्यात संजय दत्तची आई, आणि वयात फरक जेमतेम वर्षाचा. यात कुणाला काही खटकलं नाही, कारण आपण वय पाहत नव्हतोच. आई म्हटलं की आपल्या डोळ्यांनी पुढचं काम स्वतःच केलं. हे फक्त आपल्याकडचं आहे असंही नाही. अमेरिकेत १९८५ पासून सात वर्षं चाललेली 'द गोल्डन गर्ल्स' नावाची विनोदी मालिका प्रौढ बायकांना मोकळेपणानं प्रेम करू देणारी म्हणून नावाजली गेली, आणि ते खरंही आहे. पण तिच्यातही बीट्रिस आर्थरच्या म्हाताऱ्या आईचं काम करणाऱ्या एस्टेल गेटी प्रत्यक्षात आपल्या 'मुली'हून वर्षभरानं लहान होत्या.

तेव्हा चाळीस हा आकडा फसवा आहे. आपल्याकडची बाई वयानं म्हातारी होत नाही, हाकेनं होते. ताई, वहिनी, काकू, मावशी, आजी. मंडईत भाजीवाला पहिल्यांदा 'काकू' म्हणतो तो दिवस इथं बसलेल्या पुष्कळ जणींना आठवत असेल. (हशा, 'हो हो') पुरुषाला 'काका' म्हटलेलं इतकं लागत नाही. आणि मालिका बनवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे. आदेश बांदेकर २००४ पासून 'होम मिनिस्टर' घेऊन घरोघर फिरले. समोरची बाई तिशीची असो की पन्नाशीची, त्यांनी तिला 'वहिनी' म्हटलं. का? कारण वहिनी हे नातं थट्टेला मोकळीक देणारं आहे. दीर वहिनीची मस्करी करू शकतो, तिला उखाणा घ्यायला लावू शकतो, नाचायला लावू शकतो, आणि कुणाला वावगं वाटत नाही. ते 'काकू' म्हणाले असते तर पैठणी तीच राहिली असती, पण बाईचं मोहरणं गेलं असतं. एका शब्दानं किती बायकांना तासाभरासाठी परवानगी दिली! आम्ही हे उपहासानं म्हणत नाही.

याची दुसरी बाजू 'तारक मेहता का उल्टा चष्मा'मध्ये आहे. २००८ पासून चालू आहे, नातवंडं पाठ म्हणून दाखवतात. जेठालालचं काम करणारे दिलीप जोशी १९६८ चे, म्हणजे मालिका सुरू झाली तेव्हा बरोबर चाळिशीत. घरी बायको आहे, मुलगा आहे, बापूजी आहेत. आणि समोरच्या बबिताजी दिसल्या की जेठालालचा चेहरा उजळतो. सोसायटीतल्या बाकीच्या बायकांना तो भाभी म्हणतो. बबिताजींना मात्र 'बबिताजी'. नात्याचा शब्द लावला की खेळ संपला, हे त्यालाही कळतं. आपण त्याच्या या हुरळण्याला हसतो, पण मायेनं हसतो. बिचारा, म्हणतो. आता एक करून पाहा. भूमिका उलट्या करा. दया आहे, चाळिशीची, आणि शेजारच्या घरातला एक देखणा गृहस्थ दिसला की ती अशीच उजळते, रोज, वर्षानुवर्षं. अशी मालिका किती भाग चालेल? आणि आपण कोणत्या शब्दानं तिचा उल्लेख करू? तो शब्द आम्ही व्यासपीठावरून उच्चारत नाही, पण 'बिचारी' हा तो नसेल.

सुझन सोंटॅग यांनी १९७२ मध्ये वार्धक्याच्या या दुहेरी मापावर एक निबंध लिहिला. पुरुषाला सौंदर्याची दोन मापं मिळतात, तरुण मुलाचं आणि प्रौढ पुरुषाचं. बाईला एकच, मुलीचं. मुद्दा बिनतोड आहे. पण त्यात सासू नाही, वहिनी नाही. आपल्याला त्यांच्या लेखात आपली नाती घालून तो वाचावा लागतो.

'हम पाँच' आठवते का? १९९५ ची, झी टीव्हीवरची. अशोक सराफ, पाच मुली, दुसरी बायको शोमा आनंद. आणि पहिली, दिवंगत बायको भिंतीवरच्या फोटोतून नवऱ्याशी बोलते. फोटोतली बाई प्रिया तेंडुलकर. दहा वर्षांपूर्वी दूरदर्शनवर 'रजनी' होऊन अख्ख्या देशाला धाकात ठेवलेली बाई आता चौकटीत बसून टोमणे मारते. त्या तेव्हा चाळीस-एक्केचाळीस वर्षांच्या. आम्हाला ते फार बोलकं वाटतं. घरातली सर्वांत देखणी, सर्वांत हुशार, नवऱ्याला अजून हवीशी वाटणारी चाळिशीची बाई दाखवायची, तर तिला आधी मारावं लागलं. फोटोतली बाई नटत नाही, जाड होत नाही, आणि तिचं कुणाला काही शोभत नाही असंही होत नाही.

आता रावणाच्या उदाहरणाकडे परत येऊ. तुम्ही म्हणाल, विनोद म्हटला की कुणाच्या तरी अनौचित्याला हसणं आलंच. मग काय, हसूच नये? आमचं उत्तर आपल्याच रंगभूमीनं देऊन ठेवलं आहे. गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आलं. पैशाच्या जोरावर कोवळ्या शारदेशी लग्न करायला निघालेला म्हातारा भुजंगनाथ हा त्यातला विनोदाचा विषय. त्याचं नटणं, तरुण दिसण्याची त्याची धडपड, सगळ्याला प्रेक्षक हसला. तोही वयाला न शोभणारा शृंगारच होता. पण तिथं हसणं योग्य होतं, कारण त्या शृंगाराखाली एक मुलगी भरडली जात होती. रावणाचंही तेच. अभिनवगुप्तांनी उदाहरण नेमकं निवडलं असं मघाशी म्हणालो ते यासाठी. सीतेला तो नको आहे. त्याच्या आसक्तीचा भार दुसऱ्यावर पडतो आहे.

मग आता मघाच्या गजरेवालीकडे पाहा. तिच्या नटण्यानं कोण भरडलं जातं? नवऱ्याचा चहा सांडला, एवढंच ना? जालीम इच्छा आणि निरुपद्रवी इच्छा यांना एकाच भोंग्यानं हसणं, ही आमच्या मते या मालिकांची खरी चूक आहे. विनोदाला नीती नसते असं मानणाऱ्यांपैकी आम्ही नाही. विनोदाला नीती असते, आणि देवलांना ती कळत होती.

आता थोडं पुरुषांच्या साडीबद्दल. 'चला हवा येऊ द्या' २०१४ मध्ये सुरू झालं. भाऊ कदम साडी नेसून येतात तेव्हा हसू आवरत नाही, आम्हालाही नाही. सागर कारंडेंची पुणेरी बाई तर निरीक्षणाचा नमुना. पण बराच काळ त्या मुख्य चमूत श्रेया बुगडे ही एकटीच स्त्री होती. तरुण मुलगी ती करणार, आणि प्रौढ बाई पुरुष करणार. याचं मूळ जुनं आहे. तमाशाच्या गवळणीत कृष्णासमोर गवळणींचा जथा येतो, त्यात मावशी असते, आणि मावशी पुरुष असतो. तिनं कृष्णाशी लाडीगोडी केली की फड हसतो. परंपरेचा मान ठेवूनही एक प्रश्न पडतो. प्रौढ बाईचं नटणं दाखवायला खरी प्रौढ बाई का नको? पुरुष असला की 'ही खरी नाहीच' असं म्हणायची सोय राहते म्हणून?

आणि याच रंगभूमीवर उलटाही चमत्कार घडलेला आहे. बालगंधर्वांनी १९१६ साली खाडिलकरांच्या 'स्वयंवर'मध्ये रुक्मिणी उभी केली. आपली रुक्मिणी. जन्म १८८८ चा, म्हणजे १९२८ ला चाळिशी. त्यानंतरही कितीतरी वर्षं ते नायिका करत राहिले, आणि घरंदाज बायका त्यांच्या साड्या, त्यांचे दागिने, त्यांचं अंबाडा घालणं पाहून शिकल्या. चाळिशीपुढचा, अंगानं सुटलेला पुरुष हा महाराष्ट्रातल्या स्त्रीसौंदर्याचा आदर्श होता! प्रेक्षकाची नजर ठरवेल ते करू शकते, याला याहून मोठा दाखला नको. मग तीच नजर खऱ्या बाईपुढे एवढी कद्रू का होते?

सगळंच काळं नाही. निर्मिती सावंतांची 'कुमारी गंगूबाई नॉनमॅट्रिक' घ्या. नावातच दोन चिमटे आहेत, लग्न न झाल्याचा आणि शिक्षण न झाल्याचा. पण निर्मितीताईंनी त्या बाईला असा काही आत्मविश्वास दिला, की चिमटे काढणारेच ओशाळावेत. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'मध्ये विशाखा सुभेदार आणि समीर चौघुले नवरा-बायको होऊन यायचे तेव्हा भांडणाच्या मध्येच एखादा क्षण असा यायचा, की ही दोघं एकमेकांना अजून आवडतात हे कळावं. वजनावरचे विनोद मात्र तिथंही सुटले नाहीत. असो.

जरा थांबू ते 'अग्गंबाई सासूबाई'पाशी. झी मराठीवर २०१९ ते २०२१. हलकीफुलकी कौटुंबिक मालिका. निवेदिता सराफ आसावरी, विधवा, आयुष्य सासरे आणि मुलगा यांच्या सेवेत. सून शुभ्रा, म्हणजे तेजश्री प्रधान, या सासूचं लग्न लावायचं मनावर घेते. वर कोण, तर शेफ अभिजित राजे, डॉ. गिरीश ओक. आमचा मघाचा सिद्धांत इथं तपासता येतो, कारण सासू हेच नाव मालिकेला आहे. बाद करणारा शब्दच शीर्षकात!

या मालिकेनं एक मोठं काम केलं. तिनं हसण्याची जागा हलवली. आसावरीच्या लाजण्याला आपण हसलो नाही. हसलो ते तिच्या मुलाला, त्या बबड्याला. आईनं आपल्या ताटापलीकडे काही मागू नये असं मानणारा घोडमुलगा हा विनोदाचा विषय झाला, आणि गावोगाव लाडावलेल्या मुलांना 'बबड्या' म्हणायला लागले. अनौचित्य त्याचं, कारण त्याच्या हट्टाखाली आई भरडली जात होती. देवलांना ही मालिका आवडली असती.

पण बारकाईनं पाहिलं तर अटीही दिसतात. आसावरीनं स्वतः काही मागितलं नाही. तिच्यासाठी इच्छा करायचं काम सुनेनं केलं. ती आवडली ती आधी तिच्या हातच्या चवीमुळे, तिच्या भोळेपणामुळे. आपण कुणाला आवडतो आहोत हे तिला सर्वांत शेवटी कळतं. म्हणजे सुंदर असावं पण जाणीव नसावी, ही जुनी अट कायम. आसावरीनं एखाद्या संध्याकाळी आरशासमोर उभं राहून 'मी बरी दिसते' असं स्वतःशी म्हटलं असतं, तर महाराष्ट्र तिच्या बाजूनं उभा राहिला असता का? आम्हाला शंका आहे.

आता घराजवळ येऊ. आपण पंढरपूरचे. आपल्या गावाची कथाच मुळी एका रुसलेल्या बायकोची आहे. द्वारकेत राधेला कृष्णाच्या मांडीवर पाहून रुक्मिणी रुसली, दिंडीरवनात येऊन बसली, आणि तिची समजूत काढायला देव इथं आला. आजही देवळात दोघांचे गाभारे वेगळे. जात्यावरच्या ओव्यांमध्ये आपल्या आज्या-पणज्यांनी हा संसार पुढे चालवला. त्यात रखुमाई जनीवरून विठ्ठलाला फैलावर घेते, तुळशीचा हेवा करते, आणि विठ्ठल सारवासारव करतो. तो अस्सल विनोद आहे, आणि तो बायकांनी रचलेला आहे. त्यात रखुमाई नवी नवरी नाही, मुरलेली संसारी बाई आहे. तरी तिला हेवा वाटतो, ती रुसते. रुसायला काय लागतं? आपली कुणीतरी मनधरणी करावी ही इच्छा, आणि ती होईल हा भरवसा. मालिकेतल्या बायका रुसत नाहीत, नुसत्या कटकट करतात. फरक पाहा. कटकट करणाऱ्या बायकोपासून नवरा पळतो. रुसलेल्या बायकोच्या मागं देव द्वारका सोडून येतो.

आणि याच गावात बैठकीची लावणी नांदली. सत्यभामाबाई पंढरपूरकरांचं नाव जाणकार अजून घेतात. उत्पात मंडळी म्हणजे २०१४ पर्यंतचे रुक्मिणीमातेचे पुजारी, आणि त्यांच्यातलेच ज्ञानोबा उत्पात लावणी गाणारे आणि तिची अदा दाखवणारे. बैठकीच्या लावणीत नाचाची धावपळ नसते. बाई बसून गाते. एकच ओळ घोळवून घोळवून प्रत्येक वेळी तिचा वेगळा अर्थ डोळ्यांतून, भुवईतून, बोटांतून दाखवते. त्यासाठी विशीचं अंग लागत नाही. उलट विशीत ते जमतच नाही. वाईच्या यमुनाबाई वाईकर, जन्म १९१५ चा, पद्मश्री मिळाली २०१२ साली. साठी-सत्तरीतही त्या रसिकांसमोर बसून अदा करत, आणि समोरचे दाद देत. हसण्यावारी नेत नसत. म्हणजे प्रौढ बाईचा शृंगार पाहायला लागणारी नजर आपल्याकडे होती, या पेठेत होती. ती परकी कल्पना नव्हे. या कलावंतिणींना समाजानं घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवलं, हेही तितकंच खरं. बैठकीत दाद देणारा रसिक घरी आल्यावर बायकोच्या गजऱ्याला 'आता या वयात?' असं म्हणत नसेलच, याची हमी आम्ही देत नाही.

इथं आम्ही बोलणं आवरतो. प्रश्न असतील तर घेऊ.

(श्रोत्यांतून एक भगिनी: सर, तुम्ही म्हणता ते पटतंय, पण त्या नटलेल्या काकूला सगळ्यांत जास्त आम्ही बायकाच हसतो. त्याचं काय?)

बरोबर विचारलंत. हेन्री बर्गसन या फ्रेंच तत्त्वज्ञानं १९०० साली हसण्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. हसू ही समाजाची शिक्षा करायची पद्धत आहे, असं त्याचं एक निरीक्षण. चारचौघांपेक्षा वेगळं वागणाऱ्याला हसून रांगेत आणायचं. आता शिक्षा होताना पाहणारा जो पुढच्या रांगेत बसलेला असतो, तो जास्त मोठ्यानं हसतो, कारण आपला नंबर लागू नये असं त्याला वाटत असतं. 'मी नाही हो तशी', हे तुमच्या हसण्यात असतं. नवऱ्याच्या हसण्यात ते नसतं. हसू सारखं ऐकू येतं, पण दोन्ही एक नव्हेत.

(दुसरे एक श्रोते: मग या मालिका बंद कराव्यात का?)

छे. आम्ही स्वतः पाहतो, बंद कशाला करायच्या? एक करून बघा. विनोद झाला की पुढचं दृश्य कुणाच्या चेहऱ्याचं दाखवतात, तेवढं टिपा. नटलेली काकू बाहेर आली की कॅमेरा ताबडतोब नवऱ्याकडे वळतो, मग मुलाकडे, मग शेजाऱ्याकडे. तिच्याकडे सहसा परत येतच नाही. तिला काय वाटलं हे आपल्याला दाखवलेलंच नसतं. आठवडाभर एका कागदावर खुणा करा: नवरा किती वेळा, मुलगा किती वेळा, ती किती वेळा. पुढच्या व्याख्यानाला येताना तो कागद घेऊन या, आपण बेरीज करू.